धुतलेले शुक्राणू लगेच बीजांडात का शिरत नाहीत?

प्रश्न असा आहे : एमएस्सीनंतर मुंबईतल्या एका आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करण्याच्या) लॅबमध्ये काम शिकायला सुरुवात केली आहे. ग्रेडियंट करून (वेगवेगळ्या घनतेच्या द्रवथरांतून फिरवून) शुक्राणू धुतले, मोजले, हालचालही उत्तम दिसते. तरी सिनियर एम्ब्रियॉलॉजिस्ट ते लगेच बीजांडांत मिसळू देत नाहीत, 'कपॅसिटेशन होऊ दे' म्हणतात. या वेळात शुक्राणूच्या पटलात (पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणात) नेमकं काय होतं? आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही कधी कधी एकाही बीजांडाचं फलन होत नाही, त्याचा याच्याशी काही संबंध असतो का?

संबंध असतो, आणि जवळचा असतो. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतो. कपॅसिटेशन म्हणजे शुक्राणूला ताकद येणं, तो 'मजबूत' होणं, असं वाटतं. पटलाच्या बाबतीत घडतं ते नेमकं उलट. वीर्यातल्या शुक्राणूचं पटल घट्ट आणि स्थिर ठेवलेलं असतं. कपॅसिटेशनमध्ये ही स्थिरता टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते, म्हणजे ऐन वेळी पटल फुटू शकेल आणि बीजांडाच्या पटलाशी एकजीव होऊ शकेल. याची किंमतही असते. असा तयार झालेला शुक्राणू फार काळ टिकत नाही. म्हणून आपलं काम शुक्राणूला 'जास्तीत जास्त' तयार करणं हे नाही. योग्य जागी आणि योग्य वेळी पुरेसे शुक्राणू या अस्थिर अवस्थेत असावेत, एवढंच पाहायचं असतं. मीडियम (शुक्राणू ठेवायचा द्रव), कार्बन डायऑक्साइड, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), तापमान, सेंट्रिफ्यूजचा वेग या सगळ्यांतून आपण पटल किती लवकर सैल होणार हेच ठरवत असतो.

ही गोष्ट १९५१मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे दाखवली, अमेरिकेत एम. सी. चांग यांनी आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी. ताजे शुक्राणू थेट बीजवाहिनीत सोडले तर फलन होत नव्हतं, मादीच्या जननमार्गात काही तास राहिलेल्या शुक्राणूंनी मात्र होत होतं. 'कपॅसिटेशन' हे नाव ऑस्टिन यांनी पुढच्या वर्षी दिलं. पुढे १९६३मध्ये यानागिमाची आणि चांग यांनी हॅम्स्टरचे शुक्राणू शरीराबाहेर, नुसत्या द्रवातही कपॅसिटेट होतात हे सिद्ध केलं आणि तिथून आयव्हीएफचा रस्ता मोकळा झाला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, त्यामागे केईएम आणि शेजारच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या दोन ठिकाणचं काम होतं. त्यांनाही हाच प्रश्न डिशमध्ये सोडवावा लागला होता.

आता पटलाकडे येऊ. शुक्राणूमध्ये नवीन प्रथिनं बनवण्याची यंत्रणा जवळजवळ बंद झालेली असते. म्हणजे जे काही बदल व्हायचे ते असलेल्या मालाची जागा बदलून, काही काढून टाकून किंवा असलेल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवूनच होतात. पटल सगळीकडे सारखंही नसतं. डोक्याच्या पुढच्या भागात, तिथल्या टोपीसारख्या पिशवीवर म्हणजे अ‍ॅक्रोसोमवर, एक प्रकारचं पटल असतं, मधल्या विषुववृत्तीय पट्ट्यात दुसरं, त्यामागे तिसरं. शेपटीच्या मधल्या भागात, जिथे मायटोकॉन्ड्रिया असतात, तिथली रचना वेगळी आणि मुख्य शेपटीची आणखी वेगळी. अ‍ॅक्रोसोमवरचं पटल फुटायचं असतं, विषुववृत्तीय पट्टा शाबूत राहायचा असतो आणि शेपटीच्या पटलाने कॅल्शियम आत घ्यायचं असतं. एकाच पेशीत तीन वेगळी कामं. म्हणून 'पटल सैल झालं' असं सरसकट म्हणणं अपुरं आहे, कुठलं पटल हे विचारलं पाहिजे.

सुरुवातीच्या स्थितीत फॉस्फोलिपिडांची वाटणी असमान असते. फॉस्फाटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलीन मुख्यतः बाहेरच्या थरात, तर फॉस्फाटिडिलइथॅनॉलअमाइन आणि फॉस्फाटिडिलसेरीन आतल्या थरात. ही वाटणी ऊर्जा खर्चून टिकवली जाते. माणसाच्या शुक्राणूत कोलेस्टेरॉलचं प्रमाण बरंच जास्त असतं, त्याच्याबरोबर डेस्मोस्टेरॉलही असतं आणि यांच्यामुळे पटल आवळलेलं राहतं. त्यावर अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून) आणि वीर्यद्रवातून आलेल्या प्रथिनांचा आणि साखरसाखळ्यांचा लेप असतो. डीइएफबी१२६ हे त्यातलं एक, सियालिक आम्लाने भरलेलं. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव पार करायला हा लेप मदत करतो. माकडांवरच्या अभ्यासांत तो कपॅसिटेशनच्या वेळी गळून पडतो असं दिसलं आहे. वीर्यद्रवात कोलेस्टेरॉल वाहून आणणारे सूक्ष्म कोश असतात, सेमेनोजेलिन असतं, भरपूर जस्त असतं. हे सगळे कपॅसिटेशन रोखून धरणारे घटक. त्यामुळे वीर्यात कपॅसिटेशन होत नाही आणि ते बरंच आहे. शुक्राणू तिथेच तयार झाला तर बीजवाहिनीपर्यंत पोहोचेपर्यंत संपून जाईल.

पहिला धक्का बायकार्बोनेट देतं. अधिवृषणात ते कमी आणि पीएच थोडा आम्लधर्मी असतो. बीजवाहिनीत, तसंच आपल्या मीडियममध्ये, ते साधारण २५ मिलिमोलर असतं. बायकार्बोनेट आत गेलं की सोल्युबल अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम जागं होतं, सायक्लिक एएमपी वाढतं आणि प्रोटीन कायनेज ए कामाला लागतं. हे फार लवकर घडतं, शेपटीची हालचाल मिनिटाभरातच जोर धरते. पटलासाठी महत्त्वाचं पाऊल त्यानंतरचं आहे. याच साखळीतून डोक्याच्या पुढच्या भागातली लिपिडांची असमान वाटणी मोडते, आतली फॉस्फोलिपिडं बाहेर येतात आणि थर ढवळले जातात. ही ढवळाढवळ झाली नाही तर पुढचं पाऊल, म्हणजे कोलेस्टेरॉल बाहेर काढणं, नीट होत नाही.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते घेऊन जायला कोणीतरी लागतं. शरीरात हे काम अल्ब्युमिन आणि एचडीएल करतात, लॅबमध्ये अल्ब्युमिन. म्हणूनच अल्ब्युमिनशिवायच्या मीडियममध्ये शुक्राणू छान पोहतात, कित्येक तास पोहतात, पण तयार होत नाहीत. व्यवहारात धुण्याच्या मीडियममध्ये ह्यूमन सिरम अल्ब्युमिन ५ ते १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. संशोधनात अ‍ॅक्रोसोम रिअ‍ॅक्शनची (म्हणजे ती पिशवी फुटण्याची) चाचणी करताना ते ३५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. कोलेस्टेरॉल कमी झालं की पटलाची तरलता वाढते, त्यातली प्रथिनं आणि लिपिडांचे छोटे बेट-पुंजके सरकून डोक्याच्या टोकाकडे गोळा होतात. झोनाशी (बीजांडाभोवतीच्या जाड आवरणाशी) बांधणारी आणि पुढे पटल जुळवणारी यंत्रणा तिथे जमते. याला वेळ लागतो. प्रथिनांच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढणं हे त्याहूनही सावकाश, काही तासांत होतं. उंदराचे शुक्राणू तास-दीड तासात तयार होतात, माणसाचे तीन-चार तासांनी पुरेशा संख्येने तयार असतात. पुरुषागणिक हा वेळ बदलतो आणि त्याचं एक कारण पटलात मुळात किती कोलेस्टेरॉल आहे हेच आहे.

तिसरी बाजू विद्युतभाराची आणि कॅल्शियमची. शुक्राणू वीर्यद्रवापासून वेगळा झाला की जस्ताचा ब्रेक सुटतो, कारण एचव्ही१ नावाची प्रोटॉन वाहिनी जस्ताने बंद राहते. ती उघडली की आतली आम्लता कमी होते. त्याच सुमारास एसएलओ३ या वाहिनीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पटलाची आतली बाजू अधिक ऋणभारित होते. आतला पीएच वाढल्यामुळे शेपटीवरची कॅटस्पर ही कॅल्शियम वाहिनी उघडायला तयार होते. ती शेपटीच्या लांबीवर चार रांगांत मांडलेली असते. माणसात तिला शेवटचा इशारा देतं ते प्रोजेस्टेरॉन, जे बीजांडाभोवतीच्या क्युम्युलस पेशी मोठ्या प्रमाणात सोडतात. ते एबीएचडी२ या प्रथिनामार्फत कॅटस्परवरचा अटकाव काढतं, हे २०१६मध्ये स्पष्ट झालं. मग शेपटीची फटक्यासारखी, मोठ्या कोनाची हालचाल सुरू होते. तिला हायपरअ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. मायक्रोस्कोपखाली नवख्या डोळ्याला असा शुक्राणू बिघडल्यासारखा वाटतो, कारण तो सरळ पुढे जात नाही, जागच्या जागी आठाचे आकडे काढतो. त्याला 'नॉन-प्रोग्रेसिव्ह' म्हणून खाली टाकू नका. चार तास इन्क्युबेट केलेल्या नमुन्यात असे शुक्राणू दिसणं ही चांगली खूण आहे.

आता एक कळीचा मुद्दा. नमुन्यातले सगळे शुक्राणू एकाच वेळी तयार होत नाहीत. कुठल्याही क्षणी थोडेच टक्के कपॅसिटेटेड असतात. त्यांची ही अवस्था तासाभरापासून चारेक तासांपर्यंत टिकते, मग ते संपतात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात. शरीरात ही सोय अत्यंत उपयोगी आहे, कारण बीजांड नेमकं कधी बाहेर येईल ते शुक्राणूंना ठाऊक नसतं. लॅबमध्ये याचा अर्थ एवढाच की 'कपॅसिटेशन पूर्ण झालं' असा एकच क्षण शोधू नये. साध्या आयव्हीएफमध्ये तयारी झाल्यावर शुक्राणू इन्क्युबेटरमध्ये ठेवतात आणि नंतर बीजांडांत साधारण ५० हजार ते एक लाख हलणारे शुक्राणू प्रति मिलिलिटर अशा संख्येने मिसळतात, ते याच कारणाने : मिश्रण रात्रभर सुरू राहतं आणि त्या काळात तयार शुक्राणूंची नवी तुकडी येत राहते. फलन झालं का हे साधारण १६ ते १८ तासांनी, दोन प्रोन्यूक्लिअस (शुक्राणूचं आणि बीजांडाचं केंद्रक) दिसतात का ते पाहून ठरवतात.

तुमच्या रोजच्या कामात हे कुठे कुठे येतं ते बघा.

वीर्य स्खलनानंतर १५ मिनिटं ते तासाभरात पातळ होतं. ते झालं की शुक्राणूंना वीर्यद्रवातून लवकर बाहेर काढा. एका तासापेक्षा जास्त वेळ त्यात राहिले तर नंतर त्यांची आत शिरण्याची क्षमता घटते, हालचाल तेव्हाही चांगलीच दिसत असते. मुंबईत ही अडचण खरोखर येते. विरार किंवा कल्याणहून दादर-परळला येताना एक तास सहज जातो, पावसात लोकल अडकली तर कितीही. अशा जोडप्याला नमुना सेंटरवरच द्यायला सांगा, घरून आणलाच तर शरीराच्या उबेला, आतल्या खिशात, आणि एसीच्या झोतापासून लांब. डबा निर्जंतुक आणि शुक्राणूंना घातक नाही याची खात्री असलेलाच द्या. तेल, लाळ, कुठलाही जेल नको, साधा कंडोम तर अजिबात नको.

ग्रेडियंटमध्ये ८० टक्क्यांच्या थरावर ४० टक्क्यांचा, प्रत्येकी १ मिलिलिटर, त्यावर १ मिलिलिटर वीर्य, ३०० ते ४०० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), १५ ते ३० मिनिटं. पेलेट (तळाशी बसलेला गोळा) ५ मिलिलिटर मीडियममध्ये मिसळून २०० जी वर ४ ते १० मिनिटं, असं दोनदा. आरपीएम नव्हे, जी मोजा. प्रत्येक रोटरची त्रिज्या वेगळी असते आणि दुसऱ्या सेंट्रिफ्यूजवरचा आरपीएमचा आकडा उतरवून घेतला की चूक होते. कच्चं वीर्य सरळ सेंट्रिफ्यूज करून पेलेट बनवण्याची जुनी पद्धत टाळाच. त्यात मृत शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी चांगल्या शुक्राणूंना दाबून बसतात आणि त्यांच्यातून निघणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू थेट पटलावर हल्ला करतात. स्विम-अप (शुक्राणूंना स्वतः पोहून मीडियममध्ये येऊ देणं) करत असाल तर १ मिलिलिटर वीर्याच्या वर १.२ मिलिलिटर मीडियम हळुवार सोडा, नळी ४५ अंशांत तिरकी, ३७ अंश सेल्सिअस, एक तास, मग वरचा १ मिलिलिटर काढा.

मीडियम कुठलं, हे तर सर्वात महत्त्वाचं. दोन प्रकारची मीडियम शेल्फवर शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या अदलाबदलीतून फलनच न झाल्याची प्रकरणं घडतात. हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) असलेल्या मीडियममध्ये बायकार्बोनेट साधारण ४ मिलिमोलर असतं, ते बाहेरच्या हवेत, झाकण घट्ट लावून वापरायचं. त्यात शुक्राणू जगतात, पण कपॅसिटेशनचा पहिला धक्का कमकुवत मिळतो. बायकार्बोनेटवालं मीडियम मात्र कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये, झाकण सैल करून ठेवायचं असतं. हे टेबलावर उघडं ठेवलं की झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा वायू निघून जातो आणि पीएच वर चढतो, ७.८ पर्यंतही. उलट, हेपीसवालं मीडियम सैल झाकणाने इन्क्युबेटरमध्ये गेलं तर पीएच सातच्या आसपास घसरतो आणि कॅटस्परच्या उघडण्यालाच खीळ बसते. म्हणून ट्यूबवर मीडियमचं नाव लिहिण्याची सवय लावून घ्या, रंगावर अवलंबून राहू नका. बायकार्बोनेटच्या मीडियममध्ये पीएच ७.३ ते ७.४ हवा. त्यासाठी मुंबईत समुद्रसपाटीला ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड पुरतो. पुण्यात हवेचा दाब कमी असल्यामुळे त्याच टक्क्यात पीएच किंचित वर राहतो, म्हणून दुसऱ्या शहरातल्या लॅबचा आकडा आपल्या इन्क्युबेटरवर आंधळेपणाने लावू नये. पीएच स्वतः मोजा आणि तोच खरा धरा. मीडियम आणि तेल दोन्ही किमान आदल्या रात्रीपासून इन्क्युबेटरमध्ये संतुलित करून ठेवा, थंड मीडियम कोमट शुक्राणूंवर ओतू नका.

कॅल्शियमशिवाय यातलं काहीच पुढे जात नाही. ह्यूमन ट्यूबल फ्लुइड या प्रसिद्ध कृतीत ते २.०४ मिलिमोलर असतं, बायकार्बोनेट २५, ग्लुकोज २.७८. स्वतः मीडियम बनवणाऱ्या लॅब आता कमीच, तरी हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण कुठलाही ब्रँड वापरताना त्यातलं प्रत्येक रसायन कशासाठी आहे ते कळतं.

आता अ‍ॅक्रोसोमकडे. अ‍ॅक्रोसोम ही डोक्यावर ओढलेली टोपीसारखी पिशवी, तिचं बाहेरचं पटल शुक्राणूच्या पटलाखाली अगदी जवळ असतं. कपॅसिटेशन होईपर्यंत दोन्ही पटलांना एकमेकांजवळ आणणारी प्रथिनं, स्नेअर गटातली, सज्ज होतात, पण पूर्ण जुळणीला कॅल्शियमची वाट पाहतात. कॅल्शियम वाढताच शेकडो ठिकाणी दोन पटलं एकमेकांत मिसळतात, छोटे मिश्र कोश सुटतात, आतली एन्झाइम बाहेर येतात आणि अ‍ॅक्रोसोमचं आतलं पटल उघडं पडतं. विषुववृत्तीय पट्ट्याजवळ ही जुळणी थांबते आणि तिथलं पटल अखंड राहतं, त्यामुळे पेशी फुटत नाही. ही घटना परत फिरवता येत नाही. वेळेच्या आधी झाली तर शुक्राणू वाया गेला, झालीच नाही तर तो झोनाच्या बाहेरच अडकला.

अ‍ॅक्रोसोम रिअ‍ॅक्शन झोनाला चिकटल्यावरच होते असं आपण सगळे शिकलो. २०११मध्ये उंदरांवर झालेल्या प्रत्यक्ष निरीक्षणात वेगळं दिसलं : बहुतेक यशस्वी शुक्राणूंची रिअ‍ॅक्शन क्युम्युलसमधून जातानाच, झोनाला लागण्याआधी सुरू झालेली होती. अ‍ॅक्रोसिन हे एन्झाइम नसलेले उंदीरही प्रजननक्षम असतात, पण अ‍ॅक्रोसिन नसलेल्या हॅम्स्टरचे शुक्राणू झोना पार करू शकत नाहीत. म्हणजे प्रजातीनुसार फरक आहे, आणि एका प्राण्यातला नियम माणसाला चिकटवताना जपावं लागतं.

रिअ‍ॅक्शन झाल्यावर इझुमो१ हे प्रथिन विषुववृत्तीय पट्ट्यावर येतं. ते २००५मध्ये जपानमध्ये सापडलं. बीजांडावरची त्याची जोडीदार, जुनो, २०१४मध्ये ओळखली गेली. रिअ‍ॅक्शन न झालेल्या शुक्राणूवर इझुमो१ बाहेरच्या बाजूला उपलब्ध नसतं, म्हणून तो बीजांडाच्या पटलाला मिसळूच शकत नाही. उंदरात फलनानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात बीजांड आपल्या पटलावरून जुनो टाकून देतं, आणि दुसरा शुक्राणू आत येण्याची वाट बंद करणाऱ्या उपायांपैकी हा एक आहे.

चुका कुठे होतात ते आता सांगतो. त्यात सर्वात व्यापक ऑक्सिडेशन आहे. माणसाच्या शुक्राणूच्या पटलात डीएचए हे खूप दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल भरपूर असतं. याच्यामुळे पटल लवचीक असतं, पण तेच ऑक्सिजनच्या रेणूंना सर्वात आधी बळी पडतं. थोडं ऑक्सिडेशन गरजेचं असतं, कोलेस्टेरॉलचं काही प्रमाणात ऑक्सिडीकृत रूप झालं की ते अल्ब्युमिनला सहज उचलता येतं. जास्त झालं की पटल अर्धवट ताठर, गळकं आणि बधिर होतं. धूम्रपान, तंबाखू-गुटखा, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा), संसर्ग, वीर्यात प्रति मिलिलिटर १० लाखांपेक्षा जास्त पेरॉक्सिडेजयुक्त पांढऱ्या पेशी, ही नेहमीची कारणं. इथे अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मनाने चालू करायला सांगू नका. वर सांगितल्याप्रमाणे थोडं ऑक्सिडेशन लागतंच, आणि अतिरेकी गोळ्यांनी तेही दबतं. शिवाय आज सोडलेल्या सवयीचा परिणाम पुढच्या साधारण तीन महिन्यांत बनणाऱ्या शुक्राणूंवर दिसतो, हे रुग्णाला नीट सांगावं.

गोठवलेल्या नमुन्याची तऱ्हा वेगळी. थंड होताना पटलातली लिपिडं द्रवातून घट्ट अवस्थेत जातात, वितळताना परत. त्या खटाटोपात कॅल्शियम आत शिरतं आणि पटल कपॅसिटेट झाल्यासारखं दिसतं, बरेचसे टप्पे न होताच. अशा शुक्राणूंना ताज्याइतकं थांबायला वेळ नसतो. म्हणून गोठवलेला नमुना वितळवून लांबलचक इन्क्युबेट करत बसू नका, आयव्हीएफमध्ये मिसळण्याच्या वेळेच्या जवळ वितळवा, आणि आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) असेल तर अंडोत्सर्गाची वेळ अधिक काटेकोरपणे पाळा.

आणि काही बिघाड जन्मजात असतात. कॅटस्परमध्ये दोष असलेल्या पुरुषांचा नेहमीचा रिपोर्ट पूर्ण नॉर्मल असू शकतो. संख्या चांगली, हालचाल चांगली, आकार चांगला, फक्त हायपरअ‍ॅक्टिव्हेशन नाही. त्यांच्यात आययूआय आणि साधं आयव्हीएफ अपयशी ठरतात, इक्सीने (एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडून) मात्र फलन होऊ शकतं, कारण इक्सीत पटलाची ही सगळी तयारी ओलांडली जाते. तुमच्या प्रश्नातल्या नॉर्मल रिपोर्टचं उत्तर इथे आहे. २०२१च्या डब्ल्यूएचओ मार्गदर्शिकेतली खालची मर्यादा, म्हणजे एकूण संख्या ३९ दशलक्ष, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारी हालचाल ३० टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के, यांपैकी एकाही आकड्यातून पटल बदलू शकतं की नाही ते कळत नाही. म्हणून रुग्णाला 'रिपोर्ट नॉर्मल आहे, शुक्राणूत काही दोष नाही' असं सांगू नका. 'नेहमीच्या तपासणीत दोष दिसला नाही' हेच खरं आणि सांगण्याजोगं वाक्य आहे.

पटल तपासायच्या चाचण्या आहेत. हायपो-ऑस्मोटिक स्वेलिंग ही सगळ्यात सोपी : १०० मिलिलिटर पाण्यात ०.७३५ ग्रॅम सोडियम सायट्रेट डायहायड्रेट आणि १.३५१ ग्रॅम फ्रुक्टोज, १ मिलिलिटर द्रावात १०० मायक्रोलिटर वीर्य, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग शेपूट फुगलेले किती ते २०० शुक्राणूंत मोजा. शाबूत पटल असलेल्याची शेपूट वळते आणि फुगते. ही चाचणी पटल जिवंत आहे एवढंच सांगते, तयार होईल का ते सांगत नाही. हलत नसलेल्या शुक्राणूंमधून इक्सीसाठी जिवंत निवडायला ती फार कामाची.

पटल खरोखर तयार होतं का हे बघायचं तर अ‍ॅक्रोसोम रिअ‍ॅक्शनची चाचणी. ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन तास कपॅसिटेट करून नमुन्याच्या एका भागाला १० मायक्रोमोलर कॅल्शियम आयनोफोर ए२३१८७ (पटलातून कॅल्शियम आत नेणारं रसायन), दुसऱ्याला नुसतं सॉल्व्हंट, १५ मिनिटं, मग वाटाण्याच्या लेक्टिनचा चमकणारा रंग चढवून मोजणी. दोन्हींतला फरक १५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असेल तर ठीक, १० टक्क्यांखाली असेल तर काळजीचं. आयनोफोर नसलेल्या भागातच १५ टक्क्यांवर रिअ‍ॅक्शन झालेली असेल, तर अ‍ॅक्रोसोम वेळेआधी फुटतो आहे असा अर्थ. सॉल्व्हंटचा कंट्रोल न ठेवता आलेला आकडा वापरू नये, तो निरर्थक असतो. हेच आयनोफोर नाव आणखी एका ठिकाणी ऐकाल : इक्सीनंतरही फलन न झाल्यास बीजांडाला जागं करायला. तिथे हेतू आणि लक्ष्य दोन्ही वेगळं, प्रश्न पटलाचा नसून बीजांडाला उत्तेजित करणाऱ्या पीएलसी-झीटासारख्या घटकाचा असतो.

साध्या आयव्हीएफमध्ये शून्य फलन दिसलं तर आधी बीजांडं पाहा. ती परिपक्व होती का, पहिला ध्रुवीय पिंड (बीजांड परिपक्व होताना बाहेर टाकलेली छोटी पेशी) दिसत होता का? मग शुक्राणू झोनाला चिकटले होते का? अजिबात नाही चिकटले तर पटलाचा किंवा झोनाचा प्रश्न, चिकटले पण आत गेले नाहीत तर रिअ‍ॅक्शनचा. मग त्या दिवशीची मीडियमची बाटली, लॉट नंबर, इन्क्युबेटरचा पीएच आणि त्याच दिवशीच्या इतर रुग्णांची फलनं शेजारी मांडा. इतरांची ठीक असतील तर लॅबचा संशय कमी होतो. पुढच्या चक्रात निम्मी परिपक्व बीजांडं साध्या पद्धतीने आणि निम्मी इक्सीने करणं हा समंजस मार्ग, किंवा चार ते सहा तासांनी दुसरा ध्रुवीय पिंड तपासून, नसल्यास त्याच दिवशी बचावाची इक्सी. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या इक्सीत बीजांड शिळं झालेलं असतं आणि त्यावर भरवसा ठेवू नये. फाइलमध्ये काय लिहायचं तेही सांगतो : वीर्य कधी मिळालं, कधी वेगळं केलं, कुठल्या मीडियममध्ये किती वाजता ठेवलं, मिसळण्यापूर्वी हायपरअ‍ॅक्टिव्हेशन दिसलं का, आणि झोनाला चिकटलेल्या शुक्राणूंचा अंदाज. बहुतेक फाइलींत शेवटच्या दोन नोंदी सापडत नाहीत.